शेरा : काही नाही

आमच्या आसनगावच्या महिला मंडळाचा एक छोटासा दिवाळी अंक निघतो. त्यात माझं पान ठरलेलं असतं, अनारशांच्या कृतीचं. अनारसे दरवर्षी तेच, फक्त मंडळाच्या अध्यक्षा बदलतात. यंदाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "वहिनी, कृती पुरे. नोकरीवर लिहा. तुम्ही ते यंत्र गळ्यात अडकवून वाड्यावाड्यांवर फिरता, ते नेमकं काय करता?"

"लोकांचं बोलणं गोळा करते," मी म्हटलं.

"ते तर आम्ही सगळ्याच करतो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्याचा पगार कसा मिळतो तेवढं लिहा."

म्हणून लिहायला बसले. मी आठवीतून शाळा सोडलेली बाई. कागद पुढे आला की अजून कुणीतरी मागे छडी घेऊन उभं आहे असं वाटतं. चुकलं तर सांभाळून घ्या, असं पहिल्याच पानावर म्हणून ठेवते. आमच्या शास्त्रात खरं तर बोलण्यात चूक असं काही नसतंच. पण ते मी इतरांना सांगते. माझा मलाच अजून विश्वास बसलेला नाही.

एका विद्यापीठाचं बोलींचं सर्वेक्षण आहे. त्यात मी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांची क्षेत्र सहायक. क्षेत्र सहायक म्हणजे उन्हातान्हात वाडीवर जायचं, माणसं बोलती करायची, ते बोलणं यंत्रात भरायचं, आणि सोबतच्या कागदावर कोण बोललं, वय काय, गाव कुठलं हे लिहायचं. कागदाच्या शेवटी एक रकाना असतो, 'शेरा'. बोलणाऱ्याला सर्दी होती, शेजारी गिरणी चालू होती, मध्येच कोंबडी आली, असलं काही असेल तर तिथे लिहायचं. नसेल तर 'काही नाही' लिहायचं. हा रकाना लक्षात ठेवा. माझी नोकरी जाता जाता राहिली ती त्याच्यामुळे.

या कामात मी शिरले ती पोळीभाजीच्या वाटेनं. आमच्या यांची नोकरी मुरबाडच्या कंपनीत. मी घरून डबे द्यायचे. शहापूरला सर्वेक्षणाचं दोन खोल्यांचं ऑफिस उघडलं, तिथे माझे चार डबे जायचे. तिथल्या प्रमुख अनघा मॅडम. मुंबईहून आठवड्यातून दोन दिवस यायच्या. एकदा डबा ठेवायला गेले तर एक म्हातारी यंत्रासमोर तोंड शिवून बसलेली, आणि मॅडम समोर घामाघूम. मी नुसतं विचारलं, "आजी, गुडघे दुखतात का हो?" म्हातारी जी सुरू झाली ती थांबेना. मॅडमनी खूण केली, बसा. मी बसले. पुढच्या महिन्यात डबे बंद झाले आणि मी नोकरीला लागले. त्या बाईंचे उपकार मी फेडू शकणार नाही, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी काय केलं ते वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'स्थानिक महिला पाहिजे'. माझं माहेर नांदेड जिल्ह्यात, कंधारच्या बाजूला. लग्न होऊन इकडे आले त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. माझ्या आधी एक मुलगी होती, ती साताऱ्याकडची निघाली म्हणून तिला काढलं, असं मी ऐकलेलं. फॉर्मवर 'गाव' होतं. मी लिहिलं, आसनगाव. खोटं नव्हतं, भाड्याची खोली तिथेच होती. पुढे होतं, 'घरातील बोली'. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि लिहिलं, 'शुद्ध मराठी'. मॅडम वाचून हसल्या. का हसल्या ते मला पुढे कळलं. शुद्ध मराठी कुणाच्याच घरात बोलत नाहीत म्हणे.

तेव्हापासून मॅडमसमोर मी पाठ्यपुस्तकासारखं बोलायचे. 'मला असे वाटते की' याशिवाय वाक्य सुरू करायचे नाही. घरी आल्यावर जबडा दुखायचा.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल. मॅडमनी मला दोन महिने शिकवलं, ते मी माझ्या डोक्यात स्वयंपाकघराच्या फळीवर नीट लावून ठेवलंय, नाहीतर राहत नाही. तोंडातून निघतो तो प्रत्येक आवाज म्हणजे स्वन. पण सगळ्या आवाजांनी अर्थ बदलत नाही. 'काठ' आणि 'गाठ' यांत एकच आवाज वेगळा, तेवढ्यानं नदीची सुतळी झाली. असा अर्थ बदलणारा आवाज तो स्वनिम. तुमची फोडणी आणि माझी फोडणी चवीला थोडी वेगळी लागते, तरी दोन्ही फोडण्याच. पण हिंगाऐवजी साखर टाकली तर पदार्थच बदलला, तसं. मग शब्दाचे अर्थ लागतील असे लहानात लहान तुकडे करायचे, ते रूपिम. 'घरांत' निवडायला घेतलं तर एक घर, एक पुष्कळ, एक आत. मेथी निवडल्यासारखंच काम आहे, फक्त इथे देठही ठेवायचे असतात. आणि जो बोलतो तो निवेदक. त्याला काही येत नसलं तरी चालतं. उलट जितकी शाळा कमी तितका निवेदक चांगला. आयुष्यात पहिल्यांदाच मी अशा ऑफिसात होते जिथे न शिकलेल्या माणसाला खुर्ची देतात आणि शिकलेले सतरंजीवर बसतात.

बोली कुठली आणि भाषा कुठली, हे मात्र मॅडमनी मला कधी स्पष्ट सांगितलं नाही. शास्त्राच्या दृष्टीनं फरक नाही म्हणाल्या. मग सरकारच्या दृष्टीनं का आहे, विचारलं, तर म्हणाल्या, "डबा काय आहे आज?"

लोकांची समजूत वेगळीच. एका गावात आम्ही जाणार असा निरोप आधीच गेला, तर उपसरपंच इस्त्रीचा सदरा घालून तयार. मी म्हटलं, तुमच्या घरी बोलता तसं बोला. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आदरणीय व्यासपीठ." पाऊण तास बोलले. आम्हाला पाहिजे होता त्यातला फक्त शेवट, जेव्हा त्यांची बायको आतून ओरडली, "पुरं करा की आता, ती बाय उपाशी बसलीय," आणि ते म्हणाले, "गप रे, टाइम लागतो." बायकोला 'रे'! मॅडमनी तेवढे चार शब्द चार वेळा ऐकले. उपसरपंचांचं भाषण अजून आमच्याकडे जपून आहे. कुणाला पंधरा ऑगस्टला लागलं तर द्यायला.

दुसरी फजिती मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेतली. मॅडमना बैलबाजारातली घासाघीस पाहिजे होती. व्यापारी माणूस भांडताना यंत्राकडे बघत नाही, बोली अगदी जशीच्या तशी मिळेल, असा त्यांचा हिशेब. दोन माणसं सौद्याला उभी राहिली, मी यंत्र पुढे केलं. त्यांनी हातावर टॉवेल टाकला, टॉवेलखाली एकमेकांची बोटं धरली, आणि सगळा सौदा बोटांनी झाला. तोंडातून अक्षर नाही. बारीकशी एक मान हलली, बैलाचा मालक बदलला. यंत्रात भरलं ते बैलांच्या घुंगरांचं वाजणं आणि दूर कुठेतरी पाळण्यावाल्याचा भोंगा. मी रडवेली. मॅडम मात्र खुश. म्हणाल्या, "हीसुद्धा भाषाच. ठरलेल्या खुणा आणि त्यांचे ठरलेले अर्थ." मी म्हटलं, मग कागदावर निवेदकाचं बोलणं काय लिहू? त्या म्हणाल्या, "शेऱ्यात लिही." म्हणजे शेरा कशासाठी असतो हे मला चांगलं माहीत होतं. ते माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

आता सोमीआजीकडे येते.

वैशाखरे गावाच्या वर, माळशेजच्या रस्त्यापासून आत चढून गेलं की ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. वीस-बावीस घरं. त्यांची घरातली बोली निराळी, मुरबाडच्या बाजारात बोलतात ती निराळी. आम्हाला घरातली पाहिजे होती. वाडीनं एकमतानं सोमीआजीचं नाव सांगितलं. वय तिलाच माहीत नाही, दात चारच, पण बोलायला लागली की हातातलं सूप आपोआप थांबायचं. पहिल्या दिवशी मी शब्दांची यादी काढली. ही यादी सगळीकडे सारखीच असते, कुणीतरी फार लांब बसून केलेली.

"आजी, समुद्राला काय म्हणता?"

"कंचा समुद्र?"

"कुठलाही."

"आमी नाय बघला. तू बघलास?"

"नाही."

"मंग दोघींनी कशाला त्याचा नाव घ्यावा?"

मी पुढे गेले. बर्फाला काय म्हणता? "गोळा." यादीतला रकाना भरला.

काम सुरू करण्याआधी निवेदकाला सांगावं लागतं की हे बोलणं कुठे जाणार, कोण ऐकणार, आणि त्याची परवानगी घ्यावी लागते. विद्यापीठ, संग्रह, संशोधक, हे मी तिला कसं सांगणार? मी घाबरत घाबरत म्हटलं, "आजी, हे लांब जाईल. तिथली माणसं ऐकतील."

"लांब म्हंजे किती? तुझे गावा?"

तेव्हा वाडीतली पोरं गलका करत होती, मला यादी संपवायची घाई होती. मी म्हटलं, "हो, तितकंच लांब." आजीनं अंगठा उठवला.

वाडीत फोनला रेंज नसायची. आजीच्या घरामागे एक कातळ आहे, त्यावर उभं राहिलं तरच लागायचा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी कातळावर चढून माझ्या आईला फोन करायचे. आणि तिथे मात्र माझं खरं तोंड सुटायचं. "कामून माय, आवाज असा कामून येऊलालाय? जेवलीस का? भाऊ काय करूलालाय?" 'कामून' म्हणजे का, आणि 'करूलालाय' म्हणजे करतोय, आमच्याकडे असंच. शाळेत यासाठी गुरुजी हातावर छडी मारायचे. शहरात बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हणून मी ते कातळावर ठेवून दिलं होतं. खाली उतरले की परत 'मला असे वाटते की'.

आजी खाली अंगणात नाचणी पाखडत ऐकायची. एक दिवस मी उतरले तर म्हणाली, "काय गो, तुझी आईस काय करूलालीय?"

मी चपापले. मग दोघी हसलो. मला वाटलं, चेष्टा करते. पुढच्या खेपेला यंत्र लावलं, आजी गोष्ट सांगायला बसली, आणि मध्येच 'कामून'. मग 'येऊलाली', मग 'माय'. मोडकं होतं, 'गो' आणि 'नाय' काही सुटलं नव्हतं, पण होतं ते आमच्याकडचं. कुणा एका लेकीची लांबलचक गोष्ट सांगत होती. रानात वाट चुकलेली, एका घरी भाकर खाल्ली, बरी आहे, अंगानं थोडी सुकलीय, पण हसते.

मी तिथेच यंत्र थांबवायला पाहिजे होतं. आजी, तुमच्या घरातलं बोला, असं सांगायला पाहिजे होतं. निदान शेऱ्यात लिहायला पाहिजे होतं. पण आईच्या फोनशिवाय बारा वर्षांत माझ्याशी कुणी तसं बोललं नव्हतं. नवरासुद्धा आता इकडचं बोलतो. मी गुडघ्याला हात घालून ऐकत बसले. शेऱ्यात लिहिलं, 'काही नाही'.

एकदा नाही. अख्खा उन्हाळा. नऊ वेळा.

पुढे पावसाळ्यात मॅडमनी मला शहापूरच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर महाराष्ट्राचा मोठा नकाशा पसरलेला. मॅडमचा चेहरा असा की लॉटरी लागलीय.

"तू काय आणलंयस याची तुला कल्पना आहे का?" त्या म्हणाल्या.

"मला असे वाटते की नाही," मी म्हटलं.

त्यांनी समजावून सांगितलं. एखादा शब्द जिथपर्यंत चालतो, तिथे नकाशावर रेघ ओढतात. 'कामून' आणि तसल्या क्रियापदांची रेघ फार पूर्वेला, गोदावरीच्या बाजूला. आणि इथे, मुरबाडच्या डोंगरात, एका न शिकलेल्या, मुरबाडच्या पलीकडे न गेलेल्या म्हातारीच्या तोंडी तेच! याला भाषिक द्वीप म्हणतात. चारही बाजूंना वेगळी बोली आणि मध्ये हे बेट. म्हणजे केव्हातरी, बहुधा दुष्काळात, नांदेडकडची माणसं घाट उतरून इथे आली असणार आणि डोंगरात राहिली असणार. मॅडमनी नांदेडपासून वैशाखऱ्यापर्यंत तांबड्या पेन्सिलीनं रेघ ओढली. ती रेघ थेट माझ्या माहेरावरून जात होती.

"पुढच्या महिन्यात परिषद आहे," त्या म्हणाल्या. "निबंध पाठवलाय. तुझं नाव आभारात नाही टाकलं, सहलेखक म्हणून टाकलंय."

आठवी नापास सहलेखक! मी आभार मानले, चहा सांडला, आणि घरी आले. यांना सांगितलं. हे म्हणाले, "एवढं मोठं नाव छापून येतंय, गप बस ना. तिथं कोण जाणारे तपासायला?" खरंच कुणी जाणार नव्हतं. नांदेडकडची माणसं घाट उतरून आली होती हेही खोटं नव्हतं. एक आली होती. बारा वर्षांपूर्वी, लग्नाच्या ट्रंकेसकट.

दोन दिवस मी जेवले नाही. बोलले तर नोकरी जाणार, स्थानिक नसल्याचं उघड होणार. नाही बोलले तर मॅडम शंभर शहाण्या माणसांपुढे उभ्या राहून माझ्या आईचं बोलणं सोमीआजीच्या पूर्वजांच्या नावावर लावणार, आणि ते पुस्तकात कायमचं राहणार. आजीची खरी बोली मात्र कुठेच राहणार नाही. तिच्या वाडीत ती बोलणारी म्हातारी माणसं आता बोटांवर मोजण्याएवढी.

तिसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. म्हटलं, निदान आजीकडून तिच्या बोलीतली एक तरी गोष्ट भरून घेऊ, मग बघू.

"आजी, आता ते माझ्यासारखं नका बोलू. तुमच्या घरात जावेशी बोलता तसं बोला."

आजीनं सूप खाली ठेवलं. "मंग तुझे आईसला कसा समजंल?"

"माझ्या आईला?"

"तूच बोललीस ना, तुझे गावा जानार म्हनून? तितक्या लांब." आजी मला वेड्यात काढल्यासारखी बघायला लागली. "एवढी बारा वर्सा लेक लांब. रोज कातळावर चढून वरडते. ती बापडी तिकडं काय समजनार, लेक कुटं हाय, कोनाकडं जेवते? मी तिला सांगते का नाय सगला! तिला आमची बोली येत नाय. मंग तिच्या बोलीत सांगाया नको? पावन्याला आपली बोली कोन वाढतो गो?"

त्या वाडीत कुणी परकं माणूस आलं की घरातली बोली आत ठेवतात आणि पाहुण्याला समजेल ते बोलतात. बाजारात बाजारचं, मास्तराशी मास्तरचं. हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. त्या नऊही गोष्टी म्हणजे माझ्या आईला पाठवलेले निरोप होते. वाट चुकलेली, सुकलेली, हसणारी ती लेक मी होते. आणि ती लेक आता तांबडी रेघ होऊन नकाशावर लागली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मॅडम निबंधाची छपाई तपासत होत्या. मी दारातच उभी राहिले. 'मला असे वाटते की' एवढं म्हटलं आणि पुढे काही येईना. पुस्तकी मराठीत खरं बोलायला मला शब्दच नव्हते. शेवटी तोंड उघडलं ते कातळावरचं.

"मॅडम, ते बोलणं माझं हाय. मी कंधारची हाव. माझी माय असंच बोलते. म्हातारीला मीच शिकविलं, न सांगता. कामून लपविलं इचारू नका, मी लई भिऊलाले."

मॅडमनी मान वर केली. त्या माझ्याकडे रागानं बघत नव्हत्या, कान देऊन बघत होत्या. दोन वर्षं समोर असलेली बाई त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. मग उठल्या, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मनात डब्यांची गिऱ्हाइकं मोजायला लागले.

"आमच्यात याला समायोजन म्हणतात," त्या बाहेर बघतच म्हणाल्या. "ऐकणाऱ्याकडे बघून बोलणारा स्वतःचं बोलणं वळवतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे शिकवते."

"आमच्यात पाहुणचार म्हणतात," माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच जीभ चावली.

मॅडम वळल्या. हसल्या नाहीत. फोन उचलला, परिषदवाल्यांना लावला आणि म्हणाल्या, निबंध मागे घेते, माझी चूक आहे. 'माझी', म्हणाल्या. 'माझ्या सहायकाची' म्हणाल्या असत्या तरी मी काही बोलू शकले नसते. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "शेऱ्यात लिहिलं असतंस तर मी तुला काढलं असतं का?"

"स्थानिक पाहिजे असं लिहिलं होतं."

"बारा वर्षं राहिलेली बाई स्थानिक की नाही, हे आमच्या फॉर्मात कुठेच लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ती साताऱ्याची मुलगी गेली ती लग्न ठरलं म्हणून." मग खोडरबर घेतलं आणि रेघ खोडायला लागल्या. तांबडी पेन्सिल पूर्ण जात नाही. त्या नकाशावर नांदेडपासून मुरबाडपर्यंत अजून गुलाबी ओरखडा आहे.

वाडीचं काम पुन्हा करायचं ठरलं. माझ्या जागी कल्याणची एक संशोधक बाई गेली, जीन्सवाली, हुशार. सोमीआजी तिच्याशी म्हणे, "बैठो मॅडम, चाय पिओ, अपने को टाइमच टाइम है." तीन दिवसांनी ती बाई हात जोडून परत आली. मग मीच सुचवलं. आजीला आणि तिच्या धाकट्या जावेला सगळं समजावून सांगितलं, या वेळी खरं, घाई न करता. हे माझ्या आईकडे जाणार नाही. तुमच्या नातवंडांच्या नातवंडांसाठी आहे. आजी म्हणाली, "मंग त्यांना समजाया पायजे, नाय का?" मी यंत्र दोघींच्या मध्ये ठेवलं आणि उठून रस्त्यापर्यंत चालत गेले. दीड तासानं आले. मॅडमच्या मते तो नमुना त्यांच्या सगळ्या संग्रहातला सर्वांत चांगला. कारण त्यात मी नाही. दोन जावा माझ्याचबद्दल काहीतरी बोलतात आणि खूप हसतात, एवढं कळतं. बाकीचं मला अजून नीट उलगडत नाही, आणि आजी विचारल्यावर सांगत नाही.

त्या नऊ गोष्टी 'नाकारलेले नमुने' या खणात गेल्या. मॅडमनी एक प्रत माझ्या हातात दिली. "ज्यांच्यासाठी बोलल्यायत त्यांना पोचव. आजींना विचारून घे मात्र." आजीला विचारलं. ती म्हणाली, "अजून नाय पोचवला? काय गो तू!"

त्या वर्षीच्या दिवाळीला कंधारला गेले. आईला पडवीत बसवून ऐकवलं. मला भीती होती, आई म्हणेल ही कोण नक्कल करूलाली. पहिली गोष्ट संपली. आई म्हणाली, "आपल्याकडची नाही ही. येत नाही तिला आपलं." आणि पुढे म्हणाली, "माझ्यासाठी बोलूलाली बघ." विद्यापीठाला दोन वर्षं आणि एक नकाशा लागला, तिथे आईला एक गोष्ट पुरली. नऊही गोष्टी तिनं ऐकल्या. भाकरीपाशी आली की पदर डोळ्याला लावायची.

मग म्हणाली, "हिला निरोप द्यावा लागंल. पण आपलं बोलणं हिला जड जाईल. हिच्याकडं कसं बोलतात सांग मला."

मी सांगितलं. यंत्र लावलं. माझ्या आईनं घसा खाकरला, पदर नीट केला आणि यंत्राच्या अगदी जवळ तोंड नेऊन, शाळेतल्या मुलीसारखी, म्हणाली, "आमी बरे हाव गो बाय. तुमी बरे हाव का नाय? लेकीला जेवाया घालता, मला समजला. माझी काय वळख नाय, तरी..." पुढे तिला तिकडचं काही सुचेना, म्हणून आपल्याच बोलीत म्हणाली, "लई बरं केलात."

परत आल्यावर मी तो निरोप वाडीवर नेला. सोमीआजीनं यंत्र कानाला लावलं, जावेला गप्प केलं, सगळं ऐकलं. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ही तर आमचीच बोलते. कंच्या वाडीची गो तुझी आईस?"

त्या निरोपाचाही मी नियमाप्रमाणे कागद केला. निवेदक, वय, गाव, घरातील बोली; या वेळी खरी लिहिली. शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागले तर जागा पुरेना. कागद उलटून मागे लिहिलं, तिथेही पुरेना, तेव्हा दुसरा कागद जोडला. मॅडमनी तो टाचणीसकट खणात ठेवला.